मॉरिशसला जायचंय? आधी वारा कुठून येतो ते बघा

गेल्या दोन-तीन वर्षांत मॉरिशस हे नाव बातम्यांत वरचेवर यायला लागलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथे यूपीआय सुरू झालं, त्याच महिन्यात त्यांच्या अगालेगा बेटावर भारताने बांधलेल्या धावपट्टीचं उद्घाटन झालं, मग मे २०२५ मध्ये चागोस बेटांवरून ब्रिटनशी करार झाला. आणि हे सगळं चालू असताना ट्रॅव्हलवाल्यांच्या जाहिराती आहेतच, ज्यात निळं पाणी, पांढरी वाळू आणि झोपाळ्यावर बसलेलं नवं जोडपं याशिवाय काही नसतं. त्यामुळे होतं काय की जायचं ठरवलेला माणूस थेट "हॉटेल कुठलं चांगलं" इथूनच सुरुवात करतो. मला विचाराल तर हा तिसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न कुठल्या महिन्यात जाताय, दुसरा कुठल्या किनाऱ्यावर राहताय, आणि या दोन्हीचं उत्तर वाऱ्याकडे आहे.

आधी नकाशा डोळ्यासमोर आणू

हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला, विषुववृत्ताच्या खाली साधारण २० अंशांवर हे बेट आहे. खाली म्हणजे दक्षिण गोलार्धात, म्हणजे आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा. हे एवढं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी अर्धा गोंधळ कमी होतो, कारण आपण मे महिन्याच्या सुट्टीत जातो आणि "तिकडे पण आपल्यासारखंच उकडत असेल" असं धरून चालतो.

बेट उत्तर-दक्षिण ६५ किलोमीटर, पूर्व-पश्चिम ४५. क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्याच्या निम्म्याहून थोडं जास्त, आणि लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. सगळं बेट ज्वालामुखीतून वर आलेलं. मध्यभागी पठार, कडेला तुटक तुटक डोंगर, सगळ्यात उंच शिखर ८२८ मीटर. क्यूरपिप नावाच्या शहरात तर घरांच्या मधोमध त्रू ओ सेर्फ नावाचं विवर आहे, झाडीने भरलेलं, कडेने लोक सकाळी वॉकला येतात.

देश म्हणून बघितलं तर मुख्य बेट सोडून पूर्वेला ५६० किलोमीटरवर रॉड्रिग्ज आहे, उत्तरेला लांब अगालेगा आहे, आणि शिवाय चागोसवरचा हक्क. चागोस ब्रिटिशांनी १९६५ मध्ये, मॉरिशस स्वतंत्र व्हायच्या तीन वर्षं आधी, वेगळं काढून स्वतःकडे ठेवलं आणि तिथल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ झाला. त्या भानगडीबद्दल वाचायला भरपूर आहे, पण टुरिस्ट म्हणून तिकडे जाता येत नाही, त्यामुळे इथे एवढंच.

वारा, वारा म्हणजे नक्की काय?

शाळेत भूगोलात व्यापारी वारे वाचलेले आठवत असतील. समुद्रावरून जवळजवळ वर्षभर एकाच दिशेने वाहणारे वारे, शिडाची जहाजं त्यांच्यावर चालायची म्हणून हे नाव. मॉरिशसला हे वारे आग्नेयेकडून येतात, म्हणजे पूर्व आणि दक्षिण यांच्या मधल्या दिशेने. कायमच असतात, पण त्यांच्या हिवाळ्यात, विशेषतः जुलै-ऑगस्टमध्ये, जोर जास्त.

आता हा वारा ओल घेऊन येतो, पूर्वेच्या किनाऱ्याला लागतो, मग पठारावर आणि डोंगरांवर चढतो, चढताना थंड होतो आणि पाऊस तिथेच सोडतो. पलीकडे पश्चिमेला उतरतो तेव्हा कोरडा झालेला असतो. महाबळेश्वरला धो धो कोसळतं आणि तासाभराच्या अंतरावर वाईत रिमझिम, तोच हा खेळ, फक्त आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो म्हणून कोकण भिजतं आणि तिकडे उलट पूर्व बाजू भिजते. आकड्यात सांगायचं तर मधल्या पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरपर्यंत पाऊस पडतो आणि पश्चिम किनाऱ्यावर ९०० सुद्धा नाही.

"एवढंसं बेट, त्यात काय फरक पडणार?"

हा आक्षेप अगदी बरोबर वाटतो आणि म्हणूनच लोक फसतात. ४५ किलोमीटर म्हणजे आपल्याकडे ऑफिसला जायचं अंतर. पण ऑगस्टमध्ये पूर्वेच्या बेल मारला बीचवर उभं राहिलात तर वाळू अंगाला टोचते, टॉवेल उडतो, समुद्र फेसाळलेला, आणि त्याच दिवशी त्याच वेळी पश्चिमेला फ्लिक-आन-फ्लाकला पाणी आरशासारखं. मधे क्यूरपिपला धुकं आणि बारीक पाऊस, स्वेटर घातलेली माणसं. त्यामुळे मोबाइलवर "मॉरिशस वेदर" टाकून जो एक आकडा येतो ना, त्याला फारसा अर्थ नाही, तो बेटावरच्या कुठल्या तरी एकाच ठिकाणचा असतो. गावाचं नाव टाकून बघा.

याच वाऱ्यामुळे राजधानी पोर्ट लुई आहे तिथे आहे. डच लोक १५९८ मध्ये आले ते आग्नेयेच्या ग्राँ पोर खाडीत, आणि त्यांची वस्तीही तिथेच. बेटाला नाव त्यांनी त्यांच्या राजपुत्र मॉरिसवरून दिलं, ऊस आणला, हरणं आणली, डोडो पक्षी त्यांच्याच काळात संपला, आणि १७१० मध्ये कंटाळून निघून गेले. नंतर फ्रेंच आले. त्यांचा गव्हर्नर ला बुर्दोने याने १७३५ पासून वायव्येच्या पोर्ट लुईला बंदर म्हणून उभं केलं, कारण ते डोंगरांच्या आड, वाऱ्यापासून झाकलेलं. ग्राँ पोरला शिडाचं जहाज आत यायचं वाऱ्याबरोबर सहज, पण बाहेर पडायचं म्हणजे समोरून वारा. १८१० च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश नौदलाने याच ग्राँ पोरमध्ये फ्रेंचांकडून मार खाल्ला, आणि मग उत्तरेकडून सैन्य उतरवून डिसेंबरमध्ये बेट घेतलं. नेपोलियनच्या काळातल्या या एका सागरी विजयाचं नाव पॅरिसच्या विजय कमानीवर कोरलेलं आहे, बेट हातचं गेलं ती गोष्ट वेगळी.

मग राहायचं कुठे?

मे ते सप्टेंबर जात असाल तर पश्चिम किंवा वायव्य. म्हणजे फ्लिक-आन-फ्लाक, तामारँ, किंवा वर त्रू ओ बिश. सूर्यास्तही याच बाजूला दिसतो. थंडी म्हणजे आपली डिसेंबरमधली मुंबई समजा, दिवसा किनाऱ्यावर २४-२५ अंश, संध्याकाळी हलकं जॅकेट लागेल. सूर्य साडेपाच-पावणेसहाला मावळतो हे मात्र ध्यानात घ्या, दिवस लहान असतो, संध्याकाळचं फिरणं असं वेगळं काही उरत नाही.

ऑक्टोबर ते डिसेंबर जात असाल तर पूर्व किनारा मस्त. उष्मा वाढलेला असतो, वाऱ्याचा जोर उतरलेला असतो आणि जो असतो तो हवाहवासा वाटतो. बेल मारची लांबलचक वाळू मला तरी पश्चिमेपेक्षा सरस वाटते. ऑक्टोबर-नोव्हेंबर एकंदरीतच सगळ्यात चांगले महिने, कोरडे आणि ना गरम ना गार, आणि दिवाळीची सुट्टी बरोबर तिथेच येते. तिथेही दिवाळीला सार्वजनिक सुट्टी असते. ख्रिसमसच्या आसपास युरोपातली गर्दी आणि भाव दोन्ही वर जातात.

उत्तरेला ग्राँ बे म्हणजे दुकानं, रेस्टॉरंट, क्लब, बोटी, सगळं पायी अंतरावर. गाडी घ्यायची नसेल आणि रात्री हॉटेलात कोंडून बसायचं नसेल तर हे बरं. पण विमानतळ आहे आग्नेयेला, त्यामुळे तिथून ग्राँ बे तासाच्या वरच पडतं, आणि सकाळी-संध्याकाळी पोर्ट लुईच्या ट्रॅफिकमध्ये सापडलात तर आणखी. परतीची फ्लाइट पहाटेची असेल तर शेवटची रात्र माएबूर किंवा ब्लू बेला काढा. दोन्ही विमानतळाच्या जवळ, आणि माएबूरचा सोमवारचा बाजार बघण्यासारखा.

नैर्ऋत्येच्या टोकाला ल मॉर्न आहे. तिथे वारा हवा असलेले लोक जातात, काइटसर्फिंगवाले, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीवर फळीवरून पाण्यावर पळणारे. तो जो समुद्रात घुसलेला प्रचंड कातळ फोटोत दिसतो तो हाच, पळून आलेल्या गुलामांनी तिथे आसरा घेतला होता म्हणून २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे.

समुद्र एवढा शांत कसा काय?

बेटाभोवती जवळजवळ सगळीकडे प्रवाळाची भिंत आहे, किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर. मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात, लांबून ती पांढरी रेघ दिसते. भिंत आणि किनारा यांच्या मधलं उथळ पाणी म्हणजे लगून. पोहता न येणारी मंडळी सुद्धा कमरेभर पाण्यात निवांत उभी राहू शकतात ते या भिंतीमुळे, आणि ती पांढरी वाळूही बरीचशी प्रवाळाच्याच चुऱ्याची.

भिंतीला जिथे खिंड आहे तिथे पाण्याला ओढ असते, तिकडे जाऊ नये. आणि दक्षिणेला सुयाकजवळ ग्री ग्री नावाच्या ठिकाणी भिंतच नाही. तिथे लाटा थेट कड्यावर येऊन आपटतात, बघायला जरूर जा, पाण्यात उतरू नका. लगूनमध्ये पायात रबरी बूट घाला, सी अर्चिन या काटेरी गोळ्यासारख्या प्राण्याचे काटे असतात आणि स्टोनफिश नावाचा विषारी मासा दगडासारखाच दिसतो, पाय पडला की सुट्टी संपली.

"हॉटेलचा प्रायव्हेट बीच" असं पॅकेजमध्ये लिहिलेलं असतं. कायद्याने तिथे भरतीच्या रेषेखालची वाळू सगळ्यांची आहे, म्हणजे हॉटेलात न राहता तुम्ही त्याच बीचवर चालत जाऊ शकता, खुर्च्या फक्त त्यांच्या. उलट सार्वजनिक बीचवर सुरूच्या झाडांखाली रविवारी तिथली कुटुंबं डबे घेऊन बसलेली असतात, गाणीबजावणी चालू, मला ते हॉटेलपेक्षा जास्त आवडतं.

तो पाण्याखालचा धबधबा खरा आहे का?

नाही. ल मॉर्नजवळ वरून फोटो काढला की समुद्रात धबधबा कोसळतोय असं दिसतं, ती वाळू आणि गाळ आहे, प्रवाहाने उथळ भागातून खोल भागाकडे ओढला जाणारा, आणि रंग गडद होत जातो म्हणून डोळ्याला पडल्यासारखं वाटतं. किनाऱ्यावरून काहीही दिसत नाही. हेलिकॉप्टरचे पैसे देणार असाल तरच. बोटीने नेऊन "धबधबा दाखवतो" म्हणणाऱ्याला नमस्कार करा. शामारेलची सात रंगांची माती मात्र खरी आहे, ज्वालामुखीचा खडक कुजून झालेली, छोटीशी जागा आहे पण ऊन असताना रंग छान दिसतात.

आणि चक्रीवादळ आलं तर?

साधारण नोव्हेंबर ते एप्रिल-मे हा वादळांचा मोसम, खरा धोका जानेवारी ते मार्च. याचा अर्थ रोज वादळ असतं असं नाही, बऱ्याच वर्षी बेटावरून एकही थेट जात नाही, पण लांबून गेलं तरी दोन-तीन दिवस पाऊस पाडून जातं. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल नावाचं वादळ आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या.

तिथली इशाऱ्याची पद्धत समजून घ्या, एक ते चार क्लास असतात. पहिला म्हणजे लक्ष ठेवा. तिसरा लागला की दुकानं बंद, बस बंद, विमानं बंद, सगळे घरात. हॉटेलवाल्यांना याची सवय आहे, ते सांगतील तसं करायचं, खिडकीपाशी व्हिडिओ काढत उभं राहायचं नाही. या महिन्यांत स्वस्त पॅकेज मिळतात ती याच कारणाने. जायचंच असेल तर इन्शुरन्स घ्या आणि परतीच्या दुसऱ्याच दिवशी कुणाचं लग्न ठेवू नका.

वादळाचा आणि उसाचाही संबंध आहे बरं. बेटावर कुठेही गाडी काढा, दोन्ही बाजूंना ऊस. वादळात ऊस वाकतो आणि पुन्हा उभा राहतो, बाकीची बरीच पिकं आडवी झाली की संपली. शेतांमध्ये काळ्या दगडांचे ढीग दिसतील, पिरॅमिडसारखे रचलेले, ती पुरातन देवळं वगैरे नाहीत. जमीन ज्वालामुखीची, ती लागवडीखाली आणायची म्हणजे आधी दगड वेचायचे. आणि वेचले कुणी?

तिथे आपली माणसं कशी पोचली

१ फेब्रुवारी १८३५ ला तिथे गुलामगिरी संपली. मळेवाल्यांना मजूर हवे होते, म्हणून त्याच्या आधीच, नोव्हेंबर १८३४ पासून, ब्रिटिशांनी करारावर हिंदुस्थानातून माणसं आणायला सुरुवात केली. हीच गिरमिट पद्धत. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत साडेचार लाखांहून जास्त लोक उतरले. पोर्ट लुईला आप्रवासी घाट आहे, २००६ पासून जागतिक वारसा, तिथे त्या दगडी १६ पायऱ्या आहेत ज्या चढून ही माणसं आत आली. तासाभरात बघून होतो, आणि माझ्या मते पूर्ण ट्रिपमध्ये एकच ऐतिहासिक ठिकाण करायचं असेल तर हे करा.

बहुतेक लोक बिहार आणि आसपासच्या भोजपुरी पट्ट्यातले, मग तमिळ, तेलुगू, आणि मुंबई बंदरातून गेलेले मराठी, ज्यांत कोकणातले, रत्नागिरी-सावंतवाडीकडचे पुष्कळ. आज मराठी समाज संख्येने लहान आहे पण टिकून आहे. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते, पश्चिमेचं कास्काव्हेल गाव त्यासाठी ओळखलं जातं. कोकणातली जाखडी तिकडे अजून नाचतात. मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मराठी शिकवतात, आणि मोकालाच एप्रिल २०२३ मध्ये शिवाजी महाराजांचा पुतळा उभा राहिला.

पण एक सांगतो, टॅक्सीवाल्याचं आडनाव ओळखीचं वाटलं म्हणून लगेच धाडधाड मराठीत सुरू करू नका. पाच-सहा पिढ्या झाल्या, घरात बोलली जाते ती क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली तिथली बोली. मराठी देवळात, सणाला, शाळेत. काहींना छान येते, काहींना आरतीपुरती. आणि "तुम्ही मूळचे आमचेच" हे वाक्य ऐकून ऐकून ते कंटाळलेले असतात, ते मॉरिशसचे आहेत, १२ मार्च १९६८ पासून त्यांचा स्वतःचा देश आहे.

"फ्रेंच येत नाही, शाकाहारी आहे, मग?"

दोन्हीचं टेन्शन नको. संसदेची आणि ऑफिसांची भाषा इंग्रजी, पेपर बहुतेक फ्रेंच, रस्त्यावर क्रेओल, आणि टुरिस्टशी इंग्रजी सगळीकडे चालतं. हिंदी बऱ्याच जणांना कळते.

खाण्यात डालपुरी. हरभऱ्याची डाळ शिजवून वाटून पातळ पोळीत भरलेली, म्हणजे गूळ न घातलेलं पुरण समजा, आणि वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची आमटी, टोमॅटोचा दाट रस्सा, ज्याला रुगाय म्हणतात, आणि मिरचीची चटणी. दोन-दोनच्या जोडीने मिळते, रस्त्यावर गुंडाळून देतात, भरपूर पोट भरतं आणि हॉटेलच्या जेवणापेक्षा कितीतरी स्वस्त. त्याशिवाय गातो पिमां, म्हणजे डाळीचे मिरची घातलेले वडे, आणि अलुदा, आपल्या फालुद्याचाच भाऊ. चटणी आधी बोटभर चाखा. हॉटेलचं हाफ बोर्ड, म्हणजे नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून, घेतलंत की दुपार बाहेर मोकळी राहते, ऑल इनक्लुसिव्ह घेऊन दुपारी जेवायला परत यायची घाई मला पटत नाही.

पैसे, व्हिसा वगैरे पटकन

तिथलं चलनही रुपयाच, आणि घोळ इथेच होतो. पाटीवर रु. ५०० वाचून आपण खूश होतो, पण मॉरिशसचा एक रुपया म्हणजे आपले पावणेदोन-दोन रुपये. यूपीआय आणि रुपे सुरू झालंय तरी प्रत्येक टपरीवर चालेल असं धरू नका, थोडी कॅश ठेवा. भारतीय पासपोर्टवर टुरिस्ट म्हणून व्हिसा आधी काढावा लागत नाही, पण परतीचं तिकीट आणि राहण्याचं बुकिंग दाखवावं लागतं, शिवाय जायच्या आधी ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. मुंबईहून थेट विमान सहा-साडेसहा तास, घड्याळ दीड तास मागे.

गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे भाड्याने घ्यायला हरकत नाही, रस्ते अरुंद आहेत आणि स्पीड कॅमेरे भरपूर. पोर्ट लुई ते क्यूरपिप मेट्रो आहे, भारताच्या पैशांतून झालेली. बस सगळीकडे जातात, पण संध्याकाळी लवकर बंद होतात.

"त्यापेक्षा मालदीव नको का?"

फक्त पाण्यात डुंबायचं असेल, चार दिवस हॉटेलच्या बाहेर पडायचंच नसेल, तर मालदीव. खरंच. तिथलं पाणी आणि मासे सरस आहेत, यात वाद नाही. मॉरिशसला तुम्ही डोंगर चढायला, गाडी घेऊन भटकायला, बाजारात फिरायला, गंगा तलावाच्या काठी उभ्या १०८ फुटी शंकराला बघायला जाता, आणि समुद्र त्यात येतो. आजी-आजोबा आणि लहान मुलं बरोबर असतील तरी मॉरिशस सोपं पडतं.

दिवस किती, तर सहा-सात रात्री धरा. जमलं तर चार रात्री एका किनाऱ्यावर आणि बाकीच्या दुसऱ्या. बॅगा उचलून हॉटेल बदलायचा कंटाळा असेल आणि महिना मे ते सप्टेंबरमधला असेल, तर डोळे मिटून पश्चिमेला बुक करा आणि पूर्वेला एक दिवस गाडीने जाऊन या, टॉवेलवर ठेवायला काहीतरी जड मात्र न्या.